डांगचं दगडफूल

लग्न होऊन उधन्यात आले तेव्हा माझ्या सामानात मिठाईचा एक खोका होता आणि त्यात दगडफुलं होती. मसाल्यात घालतात तीच, आणि त्यांची जंगलातली सगळी भावकी. कॉलेजात असताना डांगच्या जंगलात हिंडून मी ती झाडांच्या खोडांवरून चाकूने सोडवली होती, वाळवून कागदाच्या पुड्यांत ठेवली होती. एका निसर्ग संग्रहालयाला ती हवी होती. तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं, उन्हाळा संपायच्या आत नमुने नीट लावून आण, मदतनिसाची जागा तुझी. उधन्यात ती पुन्हा मिळणं शक्य नव्हतं. गिरण्यांच्या धुरात इथल्या खोडांवर फक्त काजळी धरते.

सासूबाईंना हे सगळं मी समजावून सांगितलं होतं. तिथेच चुकलं. सून नोकरीला गेली तर भाकरी कोण थापणार, एवढंच त्यांना समजलं. नवरा म्हणाला, "आईला विचार." विषय संपला.

चैत्रात त्यांनी वर्षाचा काळा मसाला केला. पुढच्या रविवारी बमरोलीहून नणंद आणि नंदोई जेवायला आले, मटणाचा रस्सा झाला. मी दोनदा घेतला. छान झालाय, असंही म्हणाले. सासूबाई त्याचीच वाट बघत होत्या.

"चांगला लागना ना?" त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "तुनाच खोकामातलं दगडफूल शे. कपाटमा ठेईसन कोनं पोट भरस का?"

नणंद ठसका लागेपर्यंत हसली. नवराही हसला. आधी जरा थांबला, पण हसला. मी उठून कपाटातला खोका काढला. त्यात सुपाऱ्या भरल्या होत्या.

अंगाची लाही लाही झाली. पण रडले असते तर त्यांचं जेवण आणखी रंगलं असतं. मी परत पानावर बसले, भाकरी मोडली आणि म्हणाले, "पिवळं नव्हतं ना घातलं त्यातलं? ते विषारी असतं. कोल्हे मारायला वापरतात."

थोड्याच वेळात सगळं घर मिठाचं पाणी पिऊन मोरीपाशी. नंदोईंना तिथे जागा मिळेना, ते ओट्यावरून रस्त्यातच ओकले. "वाचाड व माय मले," म्हणत सासूबाईंनी माझाच हात घट्ट धरला होता. मी त्यांची पाठ चोळत होते आणि मला फार बरं वाटत होतं. आजही वाटतं. दोन वाट्या रस्सा मीही प्यायले होते, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

नवरा रिक्षा घेऊन आला. "डॉक्टर विचारतील. त्याचं नाव काय गं? नीट सांग ना!"

लग्न झाल्यापासून त्याने हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

"पार्मोट्रेमा," मी सावकाश सांगितलं. ते पुटपुटत तो आईला धरून रिक्षात बसला. किराणा दुकानात किलोवर मिळतं त्या साध्या दगडफुलाचं नाव होतं ते. पिवळं माझ्या खोक्यात कधी नव्हतंच. आता बाकीचंही नव्हतं.