जस्त वाकतानाचा आवाज

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी निपाणीत भाषेच्या हक्कावर भाषण करत होतो. मंचावरून उतरल्यावर फोन घेतला. पलीकडे वडील, आप्पा, होते, आणि त्यांच्या मागे एकही माग वाजत नव्हता. "ये रं लवकर," एवढंच ते म्हणाले...

वडगावच्या आमच्या विणकराच्या घरात मी मराठीच्या चळवळीच्या पत्रकांवर वाढलो आणि आक्का, माझी थोरली बहीण, धातूंवर. ती इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवायची, अर्थात इंग्रजीत. पोरं न समजता पाठ करतात, याचा तिला संताप यायचा. "मराठी जगवा म्हणून बोंबलतोस, पण तिच्यात नवं काय घालणार हायस?" असं विचारून ती मला गप्प करायची. कॅन्सर कळल्यावर तिनं एकच हट्ट धरला. आपल्या भागातल्या साहित्य संमेलनात उभं राहून, जस्त आणि मॅग्नेशियम कसे वाकतात ते मराठीत सांगायचं.

"कविता हाय काय त्यात?" संयोजक हसले. मी भांडलो, आरडाओरडा केला. शेवटी जेवणानंतरची, मांडव पेंगतो ती वेळ मिळाली. केस गेलेल्या डोक्यावर पदर घेऊन आक्का उभी राहिली आणि जस्ताची बारीक कांडी तिनं माइकजवळ वाकवली. कर्र... करकर... सगळ्या कर्ण्यांतून.

पुढच्या रांगेतले एक म्हातारे शेतकरी दचकले. "काय मोडलं गं पोरी?"

"मोडलं न्हाय आजोबा, वाकलं. आतले अणू कूस बदलत्यात."

"आमच्या म्हातारीची खाट बी अशीच वाजती की!" मांडव हसला आणि जागा झाला.

मग तिनं घरून आणलेली साड्यांची चवड पुढे घेतली. वरची आडवी ढकलली की साडीवरून साडी घसरते. या धातूंत अणूंचे षट्कोनी थर तसेच घसरतात, म्हणून ते वाकतात. पण कडांवरून सरळ दाबलं तर घसरायला वाट उरत नाही. तांब्यात अशा वाटा पुष्कळ असतात, इथे फार थोड्या. तेव्हा मॅग्नेशियमच्या स्फटिकाचा एक पट्टा एकदम कलंडतो आणि शेजारच्या भागाचं आरशातलं रूप घेतो. त्याला जुळं म्हणतात. कलंडण्यानं आकार थोडाच बदलतो, पण त्या पट्ट्यातले थर नव्या दिशेला वळतात आणि अडलेलं घसरणं कधी कधी पुन्हा सुरू होतं. "पण हीच जुळी पुढं घसरण्याची वाट अडवत्यात. मग धातू कधी टणक होतो, कधी तडकतो. का, ते असं—"

संयोजकांनी घंटा वाजवली. "बाई, आवरा. कवी खोळंबलेत."

तेच म्हातारे व्यासपीठापाशी आले. "तडकतो का, ते ऱ्हायलंच की गं."

"पुढच्या वर्षी सांगते, आजोबा." मी तिच्याकडे पाहिलं नाही.

ती गेल्यावर संमेलनवाल्यांनी दुखवट्याचा ठराव केला. मी म्हटलं, ठराव नको, तिचं भाषण छापा. उत्तर आलं, "अर्धंच हाय की ते." ज्यांनी अर्ध्यावर घंटा वाजवली, त्यांचंच हे उत्तर! यावर पत्रक काढायला मला वेळ लागला नसता. पण पत्रकानं ते भाषण पुरं झालं नसतं.

म्हणून रोज संध्याकाळी तिच्या खोलीत, तिच्या खुर्चीत बसतो. तिची इंग्रजी पुस्तकं उघडतो. शब्द कळतात, पण जोडता येत नाहीत. विचारावं असं माणूस या मुलखात मला ठाऊक नाही. काल आई दारात आली.

"काय करतोस रं?"

"आक्काचं उरलेलं लिहितोय."

"येतंय?"

"न्हाय, आई."

ती आत आली, पलंगाच्या कडेला टेकली. "मग मला सांग," म्हणाली, "जेवढं येतंय तेवढं."