मामांची पूर्वेकडची खुर्ची

माझ्या बायकोच्या मामांना अख्खं बडोदं पाठ आहे, पण त्यात माणसंही राहतात ही गोष्ट त्यांच्या कधी फारशी लक्षात राहिलेली नाही. त्यांच्या लेखी रावपुरा हा भाग म्हणजे दोन पिंपळ आणि एक करंज. पत्ता सांगताना ते म्हणतात, "वाकड्या शिरीषापासून डावीकडे, मग चुना फासलेलं आसोपालवाचं झाड." एकदा रिक्षावाला वैतागून म्हणाला, "काका, झाड तो बराबर, पण दुकान कई?" मामा म्हणाले, "दुकानं बदलतात रे भाई."

रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या पिशवीत एक पक्कड असते. क्लासवाले आणि भाड्याच्या खोल्यांवाले झाडांना पाट्या ठोकतात, मामा खिळे उपटतात आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात साठवतात. माझ्या मेहुणीच्या लग्नात अंतरपाट धरला गेला, गुरुजी "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" म्हणून तीनदा ओरडले, आणि मुलीचे मामा हॉलबाहेर रेशमी सदऱ्यात कडुलिंबाला पाय लावून खिळा ओढत होते. शेवटी हाताला लागलेला गंज धोतराला पुसत त्यांनी नवरी आणली. फोटोत तो डाग अजून आहे.

कुणी झाडाला पाणी घालताना दिसला, की त्याचं मरण. "अहो, बुंध्याशी काय ओतताय? पाहुण्याला चहा त्याच्या डोक्यावर ओतता का? सावली जिथे संपते तिथे घाला, तिथे त्याची तोंडं आहेत!" पालापाचोळा जाळणाऱ्याला ते काडेपेटी मागतात आणि ती खिशात घालून चालू लागतात. मे महिन्यात एक थर्मामीटर उन्हात, एक सावलीत ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला आकडे वाचायला लावतात. आम्ही सगळे हसतो. मी जरा कमी हसतो, कारण मला त्यांची भीती वाटते. त्याचं कारण आमच्या सोसायटीच्या कॉमन प्लॉटमधला कडुलिंब.

तीन वर्षांपूर्वी मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. नवरात्र जवळ आलं होतं. गरब्यात अनवाणी पायांना खडे टोचतात, लिंबोळ्यांनी पाय घसरतात, अशा तक्रारी होत्या. मामा तेव्हा मुलीकडे नाशिकला गेलेले. मी सगळ्या प्लॉटवर पेव्हर ब्लॉक बसवून घेतले आणि बुंध्याला अगदी गळपट्टा बांधावा तसं सिमेंट ओतवलं. परत आल्यावर मामांनी ते पाहिलं, खाली बसले, सिमेंटवर हात फिरवला. "कुणी केलं हे?" मी म्हणालो, "सोसायटीने." आमच्याकडे या उत्तरापुढे कुणी प्रश्न विचारत नाही.

यंदा उन्हाळ्यात झाडाचा शेंडा वाळला. मी रोज सकाळी चहाच्या आधी गॅलरीतून फांद्या मोजू लागलो. वारा सुटला की पुन्हा एकदा मोजत असे. मग मीटिंग भरली. चेअरमन म्हणाले, "वावाझोडामां गाडी पर पडशे तो? कापी नाखो ने!" दोघातिघांनी 'वादळाआधी कापूनच टाकू' म्हणत माना हलवल्या. आमच्याबरोबर आलेले मामा उठले. हात जोडून म्हणाले, "गळ्याचं सिमेंट फोडू, माती मोकळी करू, एक पावसाळा द्या. फक्त मला एवढं सांगा, काम करताना मूळ तोडलं होतं का? तोडलं असेल तर कुठल्या बाजूचं? हे कळल्याशिवाय मी झाडाची हमी देणार नाही. खाली पोरं खेळतात."

 ते ठाऊक असलेला त्या खोलीत मी एकटाच होतो. लेव्हल मिळेना म्हणून गवंड्याने विचारलं होतं, आणि मांडीएवढं मूळ तोडायला मीच सांगितलं होतं. गप्प बसलो तर झाड जाईल, किंवा राहील आणि कुणावर तरी पडेल. बायको माझ्याकडे बघत होती.

"मामा, पश्चिमेचं," मी म्हणालो. "मीच तोडवलं. सिमेंटही माझंच."

मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "जावईबापू, पश्चिमेची पकड गेली म्हणजे पडलं तर पूर्वेला. पूर्वेची फांदी हलकी करू. उद्या सकाळी छिन्नी घेऊन या."

चेअरमननी एक पावसाळा दिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच देखरेखीखाली मी सिमेंट फोडलं, हाताला फोड आले. जाणत्या माळ्याकडून एक फांदी उतरवली. पूर्वेच्या गाड्या मामांनी स्वतः हलवायला लावल्या. पाऊस होऊन गेला. शेंडा वाळलेलाच आहे, पण खाली कोवळी तांबूस पालवी आली आहे. झाड जगेल का, विचारलं तर मामा म्हणतात, "आपण दोघं जगू का, ते आधी सांगा."

आता ते रोज संध्याकाळी येतात आणि प्लास्टिकची खुर्ची नेमकी पूर्वेला टाकतात. मी विनवतो, "मामा, त्या बाजूला नको हो."

"संध्याकाळची सावली पूर्वेलाच पडते, त्याला मी काय करू?" ते डोळे मिटत म्हणतात. "आणि तुम्ही आहात ना वर बघायला."

ते डुलकी काढतात. मी शेजारी उभा राहून वर बघत असतो.