न ओलांडलेलं पाणी

मी काही फार देवभोळा नाही. पण ऐंशीच्या दशकात माझी पत्नी उषा अमेरिकेत, डेन्व्हरच्या हॉस्पिटलमध्ये होती, तेव्हा माझ्यातला इंजिनियर पार गळाठला होता. तिचं ऑपरेशन चालू असताना मी वरच्या मजल्याच्या खिडकीशी उभा होतो. दूर लाँग्ज पीकचा सपाट माथा दिसत होता. डोंगर दिसला की आमच्याकडे महादेव आठवतो. माझे हात आपोआप जोडले गेले आणि बोलून गेलो, हिला बरं कर, तुझ्या माथ्यावर नारळ फोडीन. ती बरी झाली. मग मात्र मला भीतीने घेरलं. नवस राहिला आणि दुखणं उलटलं तर? नवसाचं तिला सांगितलं, पण ही भीती कधीच नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये निघालो. सुपरमार्केटमधला नारळ पाहून उषा हसली. "शेंडी तासलेला नारळ देवाला चालतो का हो?" मी म्हटलं, इथला देव ॲडजस्ट करून घेईल. पहाटे तिला पायथ्याशी गाडीत बसवून, थर्मास आणि डबा हाताशी ठेवून मी चालू लागलो.

चौदा हजार फुटांहून उंच डोंगर तो. पूर्वेचा कडा भिंतीसारखा सरळ, तिथे दोरवाले जातात. आमच्यासारख्यांची वाट आधी झाडीतून, मग मोठमोठ्या धोंड्यांतून एका खिंडीपर्यंत जाते. खिंड ओलांडली की डोंगराला वळसा घालायचा. पश्चिमेच्या अरुंद कडेवरून एका उभ्या घळीत, तिथून दक्षिणेच्या कपारीवरून शेवटच्या चढावर. खडकांवर रंगवलेली लाल-पिवळी वर्तुळं वाट दाखवतात. शिखर सतत डाव्या हाताला होतं. ही तर उलटी प्रदक्षिणा झाली, असं मनात आलं आणि उगाच चुकचुकल्यासारखं झालं.

घळीत निम्म्यावर आलो तेव्हा दुपार होत आली होती. पश्चिमेला काळे ढग चढत होते. वरून वितळलेल्या बर्फाचं पाणी खडकभर पसरलं होतं. पाय ठेवला तो घसरला, गुडघा सोलवटला. तरी मी पुढेच बघत होतो. तेवढ्यात वरून एक पांढऱ्या वेणीची म्हातारी बाई काठी टेकत उतरली. वीज येणार आहे, आत्ताच खाली चल, असं ती म्हणाली. मी मोडकंतोडकं समजावलं, की बायको बरी झाली म्हणून देवाला नारळ द्यायचाय, माथ्यावरच द्यायला हवा. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग ती आत्ता कुठे आहे?" तिने विचारलं.

मी मान खाली घातली, तर पायाशी ते पाणी. गावच्या देवळात महादेवाच्या पिंडीचं पाणी कुणी ओलांडलं, की गुरव ओरडायचा. तिथवर जायचं आणि तसंच मागे फिरायचं, हीच महादेवाची पुरी प्रदक्षिणा. हे मी लहानपणापासून करत आलो होतो, आणि इथे आडदांडासारखा पाणी ओलांडायला निघालो होतो. मी तिथेच नारळ फोडला. त्यातलं पाणी त्या पाण्यात गेलं. एक तुकडा बाईला दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला. उरलेलं खोबरं मी करवंट्यांसकट पिशवीत भरलं आणि आम्ही उतरू लागलो. आता शिखर उजव्या हाताला होतं. धोंड्यांच्या पठारावर पोचेतो माथा ढगात गडप झाला होता आणि वर विजा कडाडत होत्या. झाडी लागल्यावर मी आभार मानायला वळलो, तर ती बरीच मागे एका दुसऱ्या घाबरलेल्या माणसाला हात देत होती.

पायथ्याशी पोचलो तेव्हा उषा गाडीबाहेर उभी होती. ओठ सुकलेले. थर्मास भरलेला, डब्याचं झाकणही उघडलं नव्हतं. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "तुम्ही दिसेपर्यंत पाणी प्यायचं नाही, असं ठरवलं होतं मी."

नवस माझा, आणि फेडत होती ती, जिच्यासाठी तो बोललो होतो. माथ्यापर्यंत गेलो असतो, तर किती वेळ तशीच राहिली असती, आणि मी परत आलोच नसतो, तर? आधी तिला पाणी पाजलं, मग खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला. माथ्यापर्यंत पोचलो नाही, हे सांगताना मला रडू आलं. तिने खोबरं चावत विचारलं, "मग हा प्रसाद कुठला?"

त्या बाईचं नावही विचारायचं राहिलं. दुखणं पुन्हा उलटलं नाही. उलटलं असतं तरी देवाने सूड घेतला, असं मला आता वाटलं नसतं. कुठे थांबायचं हे त्याच्यावर सोडावं, एवढं त्या डोंगराने शिकवलं. अजूनही तो दिसला की मी हात जोडतो. मागत मात्र काही नाही. उषा शेजारी उभी असते.