अंबादासमामांचा उजवा हात

रांझीच्या कारखान्यात अंबादासमामांनी चौतीस वर्षं वायरमनकी केली. रिटायर झाले, पण खिशातला टेस्टर काही सुटला नाही. कोणाकडेही गेले की आधी स्विचबोर्ड पाहणार, मग पाणी मागणार. अशा माणसाचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. शर्ट पुष्पामामी घालून देत, आणि वरून बोलणीही त्याच खात.

दुखण्याचं मामांना काही नव्हतं, घोर होता शरयूच्या लग्नाचा. शरयू म्हणजे त्यांची भाची, नर्मदाताईंची एकुलती एक. या घरात अंतरपाट दोन्हीकडचे मामाच धरतात. ताई शेवटच्या दुखण्यात भावाचा हात धरून म्हणाल्या होत्या, "अंबादास, तूच धरशील ना रे?" आता लग्न महिन्यावर आलं आणि हात हा असा! तेल झालं, शेक झाला, गोळ्या झाल्या. शेवटी मामी त्यांना सिव्हिल लाइन्समध्ये डॉक्टर विनताबाईंकडे घेऊन गेल्या.

बाईंनी खांद्यात बारीक सुया टोचल्या, तिथवर मामांनी चालवून घेतलं. मग बाई सुयांना वायरी जोडायला लागल्या.

"काका, आता सुया गरम होतील, आणि थोडा करंट जाईल."

"करंट? अहो मॅडम, लोकांना करंटपासून वाचवण्यात जिंदगी गेली माझी!"

"बॅटरीची मशीन आहे. अगदी हलका असतो."

बाईंनी मशीन सुरू केली. मामांनी डाव्या हाताने टेस्टर काढून सुईला लावला. दिवा लागला नाही. "पाहा, काहीच येऊन नाही राहिलं. मशीन बंद आहे तुमची."

"टेस्टरला कळणार नाही इतका कमी आहे, काका."

मामांना हे कुठलं पटायला! बाई हात धुवायला वळल्या आणि मामांनी मशीनचं बटण जेवढं फिरेल तेवढं फिरवलं. बाप्पा रे! खांदा आपोआप थडथड उडायला लागला.

"काहून, आलं का आता?" मामी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

बाईंनी धावत येऊन बटण मागे घेतलं आणि मामांची चांगली खरडपट्टी काढली. जन्मात साहेबाचं न ऐकलेले मामा मान खाली घालून ऐकत राहिले. त्या दिवसापासून टेस्टर घरी राहायला लागला.

एक दिवसाआड सुया, घरी व्यायाम. हात भिंतीवर किती वर गेला त्याची मामा पेन्सिलने खूण करत, बोर्ड लावायच्या आधी करत तशी. लग्नाच्या आदल्या दिवशी खूण कपाळापर्यंत आली होती. दुखणं होतंच, पण अर्ध्यावर आलं होतं.

आणि मंगलाष्टकं आठच असतात हे कोणी सांगितलं? आत्या, मावशी, काकू, प्रत्येकीने आपापलं रचून आणलेलं! नवऱ्याकडचा मामा शैलेंद्र, जिमला जाणारा तरणाबांड गडी. नवव्याला त्याचाच हात लटपटला.

"मामाजी, जरा नीचे करो ना," तो कुजबुजला.

"अच्छा? वर धर!" मामा दातओठ खाऊन म्हणाले. त्यांचा खांदा ठणकत होता, पण कापड इंचभर उतरलं नाही.

अकराव्यानंतर एकदाचं शेवटचं 'सावधान' झालं. अंतरपाट निघाला, अक्षता उडाल्या, वाजंत्री सुरू झाली. मामांचा रिकामा हात मात्र तसाच वर.

"अहो, लागलं लग्न. घ्या ना खाली," मामी म्हणाल्या.

"थांब थोडी," मामा म्हणाले. "ताईला दिसू दे."