दरसालचं बारसं

अक्का गेल्याचं मला बीदरहून येणाऱ्या बसच्या कंडक्टरनं सांगितलं. तिच्या पुतण्यानं त्याच्याजवळ निरोप दिला होता. दारात उभा राहून तो म्हणाला, "नौबादच्या अक्का पहाटं गेल्या. तुम्हाला येयला सांगितलंय." मी त्याला पाणी दिलं, तो पिऊन गेला आणि मी तशीच उंबऱ्यावर बसून राहिले. रडू आलं नाही. या वयात कुणी गेल्याचं कळलं की आधी थकवाच येतो... पुन्हा ती बस, पुन्हा तीच माणसं, आणि पोचल्यावर जिच्यासाठी जायचं तीच नसणार. त्याला आता महिना होत आला. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी कळवलं, काहीतरी लिहा. त्यांना अक्का हवी आहे ती मंडळाची धाडसी यजमानीण म्हणून. ती गोष्ट सांगते, पण माझ्या पद्धतीनं सांगते.

अक्का माझी थोरली बहीण. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पुण्याच्या कॉलेजात शिकून वकील झाले होते. तेव्हा इकडं निजामाचं राज्य आणि पुणं इंग्रजांच्या मुलखात. आमच्या लेखी तो परदेशच, नाक्यावर पेट्या उघडून दाखवल्याशिवाय सुटका नसे. तिथं शिकून परतलेले बीदर-गुलबर्ग्याकडचे वकील, डॉक्टर, मास्तर दाजींनी गोळा केले आणि माजी विद्यार्थ्यांचं मंडळ काढलं. वर्षातून एकदा जमायचं, कुणीतरी निबंध वाचायचा, चर्चा करायची, जेवायचं आणि आपापल्या गावी जायचं. इतकं साधं काम. पण चार माणसं जमवायची तर सरकारची परवानगी लागे. पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही, दुसऱ्या अर्जानंतर चौकशीला माणूस आला. लग्न-बारशाला मात्र कुणी अडवत नसे. दाजी शेवटी वकील. म्हणाले, "मग बारसंच करू."

पहिल्या साली पाळण्यात माझा थोरला होता, तेव्हा बारसं खरंच होतं. अक्काच्या माजघरात आम्ही बायका पाळणा म्हणत होतो आणि सोप्यात मंडळाची सभा भरली होती. निबंध आकाशातल्या ताऱ्यांवर होता. आमचा आवाज उतरला की रस्त्यावर निबंध ऐकू जाई, मग दाजी दारातून हात हलवत, म्हणजे आम्ही पुन्हा मोठ्यानं गायचं. त्यांचे तारे मी ऐकले ते असे अर्धेमुर्धे. एक कळलं, विद्वान माणसं एकत्र आली की पहिला तास कॉलेजच्या खानावळीतल्या पातळ आमटीवर जातो आणि तीच आमटी दरसाल थोडी थोडी चवदार होत जाते.

दुसऱ्या साली घरात तान्हं मूल नव्हतं. दाजी म्हणाले, "वरवंटा हायच की." आपल्याकडं बारशाला वरवंट्याला अंगडं-टोपडं घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात, ती रीतच आहे. आता पाळण्यात तो एकटाच असणार होता, एवढाच फरक. मी त्याला अंगडं चढवलं आणि एका हातानं उचलून पाळण्यात टाकायला निघाले, तशी अक्का म्हणाली, "कमळे, मान धर गं त्याची." बायका हसल्या. मीही हसले. अक्का हसली नाही. तिनं स्वतःच पुढं होऊन खाली हात घातला आणि त्याला नीट निजवलं.

अक्काच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. लोकांच्या बारशाला तिला बोलावणं असे, नाही असं नाही. पण पाळण्याची दोरी तिच्या हाती येण्याआधी दुसरीच कुणीतरी धरी. कुणी काही बोलत नसे, फक्त तिची जागा भिंतीकडं सरके. या खोट्या बारशात मात्र ती पाटावर बसे, नवं लुगडं नेसून. तिची ओटी भरली जाई. त्या एका दिवशी ती आई असे, आणि ते सोप्यातल्या एकाही शहाण्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. नाव तीच ठरवी. सकाळी आडावर पाणी शेंदताना मला हळूच सांगे. आत्या नव्हती, म्हणून नाव ठेवायचं काम माझ्याकडं. मी पाळण्यात वाकून वरवंट्याच्या कानात नाव सांगे, कुर्रर्र करी, आणि बायका माझ्या पाठीत धपाटे घालत. दगडाला कान कुठं असतो ते मला विचारू नका. अक्काला ठाऊक होतं.

एका वर्षी ऐन निबंधात पोलिसांचा अमीन दारात आला. सोप्यात वाचन थांबलं. माजघरात आमचंही गाणं थांबलं, पण अक्का एकटी गात राहिली, सूर न हलवता. अमीन मधल्या दाराशी आला आणि बाहेरूनच म्हणाला, "बहन, बच्चे कू देख सकते क्या?" अक्कानं पाळण्यावरचा पदर सारखा केला. म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय साहेब. नजर लागते." माणूस एक पाऊल मागं सरकला. "अल्ला उमर देवे," म्हणाला, मूठभर घुगऱ्या घेतल्या आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरून हिरव्या साटिनचं टोपडं आलं, त्याच्या बायकोनं शिवलेलं. त्याला कळलं होतं की नाही, देव जाणे. पुढं त्याची बदली झाली. दाजी आणि त्यांची मंडळी ही गोष्ट कितीतरी वर्षं टाळ्या देऊन सांगत. अक्का त्या संध्याकाळी भांडी विसळताना मला म्हणाली, "त्यानं दिल्याली दुवा तर खरीच हुती की गं. ती कुठं गेली आसंल?"

मग संस्थान गेलं. आधीच्या त्या वाईट महिन्यांबद्दल लिहायची माझ्यात आता ताकद नाही. सगळं निवल्यावर मंडळाची पहिली उघड सभा शाळेच्या मोठ्या खोलीत भरली. खुर्च्या, हार, अध्यक्ष. अक्काला वर बसवलं, खण-नारळ दिला. मंडळाचे डॉक्टर बोलायला उठले. चांगले गृहस्थ, मनात काही नव्हतं त्यांच्या. म्हणाले, "आमच्या वहिनींनी दरसाल बारसं केलं. आणि पाळण्यात काय असायचं, ठाऊक आहे? वरवंटा!" खोली हसून हसून लोटपोट झाली. दाजी तर डोळे पुसत होते. अक्का मांडीवरच्या नारळाकडं पाहत होती. परतताना टांग्यात तिनं विचारलं, "कमळे, मग औंदा बारसं न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "आता कशाला, अक्का? आता सभा उघड व्हायल्यात."

"व्हय," ती म्हणाली. "आता कशाला..."

सगळ्या मुलखाला मोकळं वाटत होतं, मलाही वाटत होतं. फक्त तिचं तेवढं एक हरवलं, आणि ते हरवलं म्हणून सांगायची सोय नव्हती. इतकी वर्षं तिनं त्याच वरवंट्यानं रोज चटणी वाटली होती, त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. बारसं बंद झालं तसा तो तिला वाटणाला घेववेना. पाथरवटाकडून तिनं दुसरा आणला. दाजींनी विचारलं, घरात दोन वरवंटे कामून? म्हणाली, "ह्यो हाताला लागत न्हाई." दिवसभर कोर्टात उलटतपासणी घेणाऱ्या माणसानं पुढं एक प्रश्न विचारला नाही.

शेवटची भेट तिच्या आजारपणात झाली. दाजी जाऊन खूप वर्षं झाली होती. अक्का खाटेवर, अंगात काही उरलेलं नाही. एकदम म्हणाली, "नावं ध्यानात हाईत का गं तुझ्या?" मी म्हटलं, हाईत. "मग सांग." मी सांगू लागले... माधव, नरहरी, यमुना... तिनं बोट हलवलं. "यमुना आधी. मग नरहरी. थोरली हाय ती." मी पुन्हा पहिल्यापासून नावं म्हटली, तिच्या क्रमानं. ती डोळे मिटून ऐकत होती.

तेराव्याला घर आवरायला काढलं होतं. पुतण्याची बायको शांता गुणाची पोर, शेवटपर्यंत अक्काचं सगळं तिनंच केलं. कोठीच्या खोलीतून ती बाहेर आली ती एका हातात तो वरवंटा धरून. त्याच्या टोकावर हिरवं टोपडं तसंच होतं, विटलेलं.

"मावशी, काकूंनी ह्यो कामून ठिवला होता? देऊन टाकू का कुणाला?"

मी म्हटलं, "आधी मान धर त्याची."

शांतानं माझ्याकडं पाहिलं. दुसरा हात हळूच खाली लावला.