जाड तांब्याची वायर

तेरखेड्यात कुणी मोठ्यानं बोललं तर त्याचं नवल वाटत नाही. गावाभोवती फटाक्यांचे कारखाने, आणि तिथं राबणारी माणसं घरी आल्यावरही आवाज चढवूनच बोलतात. त्यामुळं बिभीषणचं बोलणं वर्षागणिक मोठं होत गेलं तरी त्याच्या बायकोला, महानंदाला, त्यात काही वावगं दिसलं नाही.

बिभीषणचा कारखाना म्हणजे रानात अंतराअंतरावर बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या. सुतळी बॉम्बचा नवा माल वाळला की त्यातले थोडे मागच्या माळावर नेऊन वाजवून बघायचे, हे काम तो कधी गड्यांवर सोपवायचा नाही. बापाच्या हाताखाली होता तेव्हापासून ते त्याचंच. संध्याकाळी कानात भुंगा शिरल्यासारखं व्हायचं, मग महानंदाला खोबरेल गरम करायला सांगायचा. धंद्याबाहेर त्याला एकच नाद, गाणी ऐकायचा. दिवाळीचा हंगाम बरा गेला की घरात नवा डेक यायचा, नाहीतर नवे स्पीकर. लोकांचे नवरे पत्ते कुटतात, आमचे वायरी जोडत बसतात, असं महानंदा शेजारणींना सांगायची.

त्यांना एकच लेक, सोनाली. तिचा गळा गोड होता. एका नागपंचमीला, हातात नव्या काचेच्या बांगड्या भरून ती फेराची गाणी गुणगुणत होती, तेव्हा बिभीषणनं तिला माडीवरच्या खोलीत डेकसमोर बसवलं आणि गाणं कॅसेटवर भरून घेतलं. ती टाळ्यांवर ताल धरून गायली. प्रत्येक टाळीला बांगड्या किणकिणल्या. शेवटी हसू आवरेना तेव्हा, "आप्पा, बंद करा की आता," एवढं म्हणाली आणि कॅसेट थांबली.

पुढच्या वर्षी ती बार्शीला कॉलेजात होती. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं. डेंग्यू निघाला. तिथून ती जिवंत घरी आली नाही.

फीत झिजू नये म्हणून बिभीषणनं त्या कॅसेटची सीडी करून घेतली. कारखान्याच्या सुट्टीदिवशी सकाळी अंघोळ झाली की तो माडीवर जायचा, दार लोटायचा आणि लेकीचं गाणं लावायचा. महानंदा त्या वेळी परसात जाऊन धुणं आपटत बसायची. बाप किती हळवा आणि आई बघा कशी घट्ट, असं भावकीत बोललं जायचं. तिनं बोलू दिलं. गाण्यातली लेकीची टाळी ऐकली की तिला तिथं थांबवत नसे. बिभीषणला त्यानं बरं वाटतं आणि आपल्याला सोसत नाही, हे कुणाला समजावून सांगावं असं तिला वाटलं नाही.

अशी काही वर्षं गेली. एका सकाळी तो अर्ध्यातच गाणं थांबवून खाली आला आणि परसदारात उभा राहिला. चेहरा उतरलेला. म्हणाला, पूर्वी टाळीबरोबर बांगड्या वाजायच्या. आता नुसती टाळी ऐकू येतीय. कुठंतरी बिघाड झालाय. मग तिला हाताला धरून वर नेलं आणि गाणं पुन्हा लावलं.

"तुला येतात का गं ऐकू?"

बांगड्या स्वच्छ वाजत होत्या. महानंदाला त्या प्रत्येक टाळीला ऐकू आल्या. पण नवऱ्याच्या तोंडाकडं बघून तिच्यानं व्हय म्हणवेना. मला ऐकू येतात म्हटलं तर हा माणूस लेकीपासून आणखी लांब जाईल, असं काहीतरी तिच्या मनात आलं.

"न्हाय. मला बी न्हाय येत," ती म्हणाली.

त्याला हायसं वाटलं. दोघांना येत नाही म्हणजे दोष यंत्राचा. यंत्र दुरुस्त करता येतं.

तिथून त्या माडीवर सामान येऊ लागलं. आधी ॲम्प्लिफायर बदलला, मग सोलापूरहून छातीएवढ्या उंचीचे स्पीकर आले. बांगड्या काही वाजेनात. बिभीषणचा भाचा अमरसिंह पुण्याला नोकरीला होता. त्यालाही असल्या गोष्टींची आवड. त्यानं मामाला फोनवर सांगितलं, की सगळा खेळ वायरीचा आहे. साधी बारीक वायर बारीक आवाज खाऊन टाकते. शुद्ध तांब्याची, जाड, खास बनवलेली वायर मिळते. महाग आहे, पण ती लावल्यावर पडदा सरकल्यासारखं होतं. पोरगा फसवत नव्हता. त्यानं स्वतःच्या घरी तीच लावली होती आणि त्याला तसंच वाटत होतं.

दसऱ्याआधी तो ती वायर घेऊन आला. बोटाएवढी जाड, वरून काळी विणलेली जाळी, टोकांना सोनेरी पिना. एवढ्याशा तुकड्याच्या पैशात दुभती म्हैस आली असती. बिभीषणनं स्वतः गुडघ्यावर बसून ती स्पीकरला जोडली, गाणं लावलं आणि डोळे मिटले. पहिल्याच टाळीला त्यानं हात वर केला.

"आल्या," तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अमर, आल्या बघ."

अमरसिंहनं मान डोलावली. महानंदा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला बांगड्या पूर्वी जशा ऐकू यायच्या तशाच आत्ताही ऐकू येत होत्या, उणं नाही की अधिक नाही. पण त्याला येतात ना, मग झालं. त्या दिवशी तिनं पुरण घातलं.

दिवाळी सरता सरता त्याला पुन्हा शंका यायला लागली. सकाळी वाटायचं येतात, दुपारी वाटायचं आपण नुसतं आठवतोय. त्यानं अमरसिंहला आणखी भारी वायर पाठवायला सांगितलं. तीही आली. पुन्हा दोन-चार आठवडे समाधान, पुन्हा तेच. तो जेवतानाही वायरींबद्दलच बोलायचा. महानंदा मान हलवायची. आपण बोललो ती गोष्ट आता मागं कशी घ्यावी, हे तिला उमगत नव्हतं.

उन्हाळ्यात माळावर माल वाजवून बघताना एका बॉम्बची वात विझली असं बिभीषणला वाटलं. तो उचलायला वाकला. वात विझली नव्हती. आत सुरसुरत होती. गडी लांबून ओरडले. तोही आवाज त्याच्यापर्यंत नीट पोचला नाही. हातात येता येता बॉम्ब फुटला.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. गाल आणि कान भाजला. बार्शीच्या दवाखान्यात महानंदा पोचली तेव्हा कारखान्यातला जुना गडी धुळाप्पा बाहेर बाकावर बसला होता. तो खाली मान घालून बोलला.

"वहिनी, वातीची सुरसुर आमाला एवढ्या लांबनं येत होती. मालकाच्या तर पायाशी होती."

 महानंदाला सगळं एकदम कळलं. त्या दिवशी माडीवर तिनं व्हय म्हटलं असतं, तर तो तेव्हाच कानाच्या डॉक्टरकडं गेला असता. माळावर पुन्हा गेलाच नसता. आपण त्याच्यावर माया केली आणि त्याची बोटं गेली, हे तिच्या डोक्यातून जाईना.

तो घरी आल्यावर ती त्याला माडीवर घेऊन गेली. गाणं लावलं नाही. त्याच्या बऱ्या कानाजवळ बसून, सावकाश, एकेक शब्द करत तिनं सांगितलं, की बांगड्या वाजतात. जुन्या वायरीवर वाजत होत्या, नव्या वायरीवरही वाजतात. कधी थांबल्याच नव्हत्या.

बिभीषणनं पट्टी बांधलेल्या हाताकडं बघितलं. वायरींबद्दल तो काहीच बोलला नाही, बोटांबद्दलही नाही.

"म्हंजे तू एकटीच ऐकत होतीस तिला," तो म्हणाला.

"मी ऐकत नव्हते. मी परसात पळत होते."

"का?"

"मला लई ऐकू यायचं, म्हणून."

तो रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. पुढं कितीतरी दिवस तो तिच्याशी लागेल तेवढंच बोलला, आणि माडीवर गेला नाही.

डॉक्टरांनी कान तपासले. आतली नस मेलीय, बारीक आवाज गेलेत, परत यायचे नाहीत, असं सांगितलं. कानात घालायचं यंत्र दिलं. ते लावून त्यानं एकदा गाणं ऐकलं. बांगड्या आल्या, पण पत्र्यावर खिळे पडल्यासारख्या. लेकीचा गळाही कुणा परक्या बाईचा वाटला. त्यानं यंत्र काढून ठेवलं आणि सीडी कपाटात, कपड्यांच्या खाली सरकवली. अमरसिंह भेटायला आला तेव्हा त्यानं वायरींचा विषय काढला नाही. मामानंही काढला नाही. जाताना पोरगा पाया पडला आणि बराच वेळ वाकून राहिला.

कारखाना आता धुळाप्पा बघतो. बिभीषण घरीच असतो. महानंदाच्या आग्रहानं तो हल्ली जेवताना यंत्र लावतो. श्रावणात असंच एकदा ती भाकरी वाढत होती आणि तिला ढास लागली. पदर तोंडाला लावून तिनं ती दाबली. बिभीषणचा घास हातातच राहिला.

"हा खोकला कधीपासनं हाय?"

"हाय की लई दिवसांपासनं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

तिनं त्याच्या कानातल्या यंत्राकडं बघितलं. त्यानं ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बार्शीच्या एसटीत बसले. तो खिडकीकडची जागा तिला देऊन बाहेरच्या बाजूला बसला आणि यंत्र असलेला कान तिच्या बाजूला येतो ना, ते त्यानं आधी बघून घेतलं.