सावत्र आईचा कोट

सावत्र आई ही जगातली एकच नोकरी अशी आहे, की रुजू व्हायच्या आधीच तुमच्याविरुद्ध निकाल लागलेला असतो. लहानपणीच्या गोष्टींनी तो कधीचाच लावून ठेवलाय. टाचणी या नोकरीत रुजू झाली तेव्हा चौतीस वर्षांची होती. नवरा बिजवर, पंपांच्या कारखान्यात लेथवर काम करणारा, आणि त्याची मुलगी अकरा वर्षांची.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. बाई कपडे शिवायची आणि शिवताना ओठांत चार टाचण्या धरूनच बोलायची, म्हणून गल्लीनं ठेवलेलं ते नाव. तिला त्याचा राग नव्हता. उलट, टाचण्या तोंडात असल्या की नको ते बोललं जात नाही, असं ती म्हणायची. शाळेचे गणवेश, पडदे, कोटांची अस्तरं, जाड्या माणसांच्या पँटी सैल करणं, असलं सगळं काम ती करी. हात इतका साफ, की उसवलेलं कुठं होतं ते गिऱ्हाइकालाही सापडत नसे.

मुलगी तिला 'अहो' म्हणायची. "अहो, जेवायला वाढा." "अहो, माझी वही दिसली का?" उद्धट नव्हती बरं का, उलट इतकी नीट वागायची की टाचणीला गुदमरल्यासारखं व्हायचं. पाहुण्यांशी वागतात तसं. आणि घरात आपण पाहुण्या आहोत की ती, हे काही टाचणीला कळेना.

त्यातच, लग्नाला वर्ष होतंय तोवर, ते पत्र आलं. मुलीच्या आजीचं, म्हणजे नवऱ्याच्या पहिल्या बायकोच्या आईचं. घरात टाचणी एकटी होती. पत्र नवऱ्याच्या नावाचं होतं, तरी तिनं फोडलं. नातीला माझ्याकडे पाठवा, माझी तब्येत ठीक नाही, इथल्या शाळेत घालू, दोन-तीन वर्षं माझ्याजवळ राहू दे, असं त्यात होतं.  टाचणीला वाटलं, मुलगी गेली तर परत येणार नाही, आणि ज्या मुलीसाठी म्हणून आपल्याला या घरात आणलं ती मुलगीच गेली तर आपण इथं कोण? आठ दिवस तिनं ते पत्र स्वतःच्या कोटाच्या आतल्या खिशात वागवलं. नवव्या दिवशी कापडाच्या कात्रीनं त्याचे तुकडे केले. कापडाच्या कात्रीला कुठलाही शिंपी कागद लावत नाही, धार जाते. तिनं लावला.

पुढच्या थंडीत आजी गेली. कळवणारं कुणीतरी तिसरंच होतं. तिकडची माणसं समजली, जावयानं साधं उत्तरसुद्धा दिलं नाही. आणि नवरा समजला, की त्यांनी आपल्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही. पहिलीला ताप आला तेव्हा त्यानं डॉक्टरकडे न्यायला दोन दिवस उशीर केला होता, आणि ती त्यातच गेली. ते दोन दिवस त्याच्या मानगुटीवर बसले ते बसलेच. "म्हातारीनं मरताना माझं तोंड बघितलं नाही," असं तो वर्षातून एखाद्या वेळी म्हणायचा, आणि टाचणी मशीनचं चाक जोरात फिरवायची.

मुलगी एकोणीस वर्षांची असताना तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. सात दिवस टाचणी तिच्या खाटेजवळून हलली नाही. घरी सोडायच्या दिवशी, दुपारी, पिशवी भरता भरता तिला काय झालं कोण जाणे, तिनं सगळं सांगून टाकलं. पत्र, खिसा, कात्री. मुलगी खिडकीकडे वळली. मग म्हणाली, "झालं गेलं. बाबांना नको सांगू. आपल्या दोघींत राहू दे." आणि जिना उतरताना आधारासाठी हात पुढे करून म्हणाली, "आई, हळू."

त्या एका हाकेवर टाचणी सात वर्षं जगली. उगाच वाढवून सांगत नाही. बाई सकाळी उठायची तीच हसतमुखानं.

आता मुलगी सव्वीस वर्षांची झाली होती आणि सिनेमा काढत होती. पहिलाच. गोष्ट जुनी, सगळ्यांना पाठ असलेली: सावत्र आईच्या घरी राबणारी पोर, राजवाड्यातला नाच, पायातून निसटलेला बूट. फक्त मुलीनं ती आजच्या शाळकरी पोरांची केली होती. राजवाड्याच्या जागी शाळेतला निरोपाचा कार्यक्रम, राजपुत्राच्या जागी फुटबॉलचा कप्तान, बूट धावण्याचा, आणि परीच्या जागी ग्रंथपाल बाई. बाराच्या ठोक्याऐवजी साडेनऊची शेवटची बस. टाचणीला हे ऐकून हसू आवरेना. "अगं, बूट एवढा घट्ट नाडीचा, तो निसटेल कसा?" तिनं विचारलं. मुलगी म्हणाली, "आई, तू कपड्यांचं बघ."

कपडे टाचणीकडेच होते सगळे. सुट्टीत बंद असलेली एक शाळा चित्रीकरणासाठी घेतली होती. तिथं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिचं मशीन मांडलं. गॅसच्या नळांवर दोऱ्याची रिळं, वजनकाट्याच्या कपाटात बटणं, आणि मास्तरांच्या लांब टेबलावर इस्त्री. तीस पोरांचे निरोपाचे पोशाख तिनं तीन आठवड्यांत उभे केले. पोरं तिला टाचणीकाकू म्हणत डोक्यावर घेऊन नाचत होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "दिग्दर्शिका माझी मुलगी." समोरचा आधीच जाणून असला तरी सांगायची.

सिनेमाची संहिता तिनं वाचली नव्हती. मागितलीही नव्हती. तिच्याकडे फक्त यादी असायची, कुणाला काय घालायचं त्याची. त्या यादीत एक दिवस ओळ आली: सावत्र आई, हिरवा कोट, आतून खिसा, चार घड्यांचं पत्र मावेल एवढा.

टाचणीनं ती ओळ दोनदा वाचली. मनात आलं ते तिनं झटकलं. कोटाला खिसा असायचाच. जगात काय एकच पत्र आहे? तिनं अस्तर कापलं आणि खिसा लावला. बोटं मात्र मापाकरता थांबली नाहीत, केवढा हवा ते त्यांना न सांगता ठाऊक होतं.

कोटाच्या ट्रायलला सावत्र आईचं काम करणारी नटी आली. उंच, गोड स्वभावाची, बोलायची हौस दांडगी. टाचणी खाली बसून कोटाची किनार टाचत होती आणि नटी वरून बोलत होती.

"काकू, माझा एकच सीन खरा सॉलिड आहे. पोरीच्या आजीचं पत्र येतं आणि ही बया ते आठ दिवस खिशात लपवते. मग कात्रीनं कापते, आणि हसते! आजी तिकडे वाट बघून मरते. मला तर वाचूनच कसंतरी झालं. मी मॅडमना विचारलं, इतकी दुष्ट बाई असते का हो खरंच? त्या म्हणाल्या, असते."

टाचणीच्या ओठांत टाचण्या होत्या. तिनं किनार पूर्ण केली, एकही टाका वाकडा गेला नाही. मग ती उठली, टाचण्या काढून ठेवल्या आणि वर्गांच्या लांब व्हरांड्यातून मुलीला शोधत गेली.

मुलगी एका रिकाम्या वर्गात बाकावर बसून वहीत काहीतरी खोडत होती.

"ते पत्राचं काढून टाक," टाचणी म्हणाली.

मुलीनं वर बघितलं. काय ते विचारायची तिला गरज पडली नाही. "आई, ती तू नाहीस. ते एक पात्र आहे."

"मी हसले नव्हते."

"सिनेमात थोडं वाढवावं लागतं."

"अगं, तुझे बाबा बघतील!"

"बाबा बघतील म्हणून काय? गोष्ट आहे ती. त्यांना कसं कळणार? आणि आता नाही काढता येणार. निर्मात्यानं होकार दिला तोच त्या प्रसंगाला. बाकीची गोष्ट तर सगळ्या जगाला पाठ आहे."

 टाचणी समोरच्या बाकावर बसली. बाक लहान मुलांचा होता, गुडघे हनुवटीशी आले. "आपल्या दोघींत राहू दे, असं तूच म्हणाली होतीस."

"एकोणीस वर्षांची होते मी. पोटाला टाके होते. माझी आजी माझी वाट बघत मेली, हे तू मला पिशवी भरता भरता सांगितलंस." मुलीचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "तुझं मन हलकं झालं. माझं काय झालं, विचारलंस कधी?"

"तू मला आई म्हणालीस."

"मग काय म्हणायला हवं होतं? तू इतकी रडत होतीस."

 सात वर्षांची हाक, आणि ती रडणाऱ्या बाईला गप्प करायला दिलेली! भर बाजारात कुणी थोबाडीत मारली असती तर टाचणीला इतकं लागलं नसतं. आपण विश्वासानं सांगितलं आणि हिनं ते वहीत उतरवून घेतलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. चूक पहिली कुणाची, हा हिशेब त्या घडीला तिला सुचला नाही. माझ्या मते कुणालाच सुचत नाही.

ती घरी निघून गेली असती तर बरं झालं असतं. पण उरलेले कपडे कोण बघणार? ती राहिली. दुसऱ्याच दिवशी तो प्रसंग होता, आणि मुलीनं कौतुकानं बापाला चित्रीकरण बघायला बोलावलं होतं. तो आता निवृत्त झाला होता; ठेवणीतला शर्ट घालून, दाढी करून आला. पस्तीस वर्षं लेथच्या आवाजात काढल्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे तो कुजबुजला तरी तीन खोल्यांत जायचं. टाचणीच्या शेजारी खुर्ची टाकून तो सगळ्याकडे लहान मुलासारखा बघत होता.

समोर दिवाणखान्याचा देखावा होता. नटीनं हिरवा कोट घातला होता. तालीम सुरू झाली. तिनं खिशातून पत्र काढलं, उलगडलं, एकदा वाचलं, कात्री उचलली आणि हसत हसत कापलं.

"अरे देवा," नवरा म्हणाला. "काय बाई आहे! असं कुणी करतं का गं?"

टाचणीनं मुलीकडे बघितलं. मुलगी कॅमेऱ्यामागे उभी राहून, मान तिरकी करून त्या हसण्याकडे बघत होती, कपडा अंगावर बसला की नाही ते बघावं तशी. उद्या हेच हसणं मोठ्या पडद्यावर येणार. हा माणूस अंधारात बसून ते बघणार, घरी येऊन चार दिवस त्या बयेला शिव्या घालणार आणि आपण त्याला जेवण वाढणार. ते तिला सोसवणार नव्हतं.

"अहो, मी केलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"मी केलं होतं!"

तिला मोठ्यानं बोलावं लागलं. आणि नेमकं त्याच वेळी सहायकानं 'शांतता' म्हणून ओरडून सगळ्यांना गप्प केलं होतं. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती अशा शांततेत ते वाक्य पडलं. नटीनं कात्री खाली ठेवली. मुलगी जागीच थिजली.

नवरा हसला आधी. मग बायकोचा चेहरा बघून थांबला. "कुणाचं पत्र?"

"तुमच्या सासूबाईंचं. पहिलीच्या आईचं. हिला पाठवा म्हणून आलं होतं. मी कापलं."

तो मुलीकडे वळला. "तुला ठाऊक होतं?"

 मुलीची मान खाली गेली, त्यात उत्तर आलं.

"म्हणजे घरात मी एकटाच," तो म्हणाला. रागावून नव्हे, जेवणाच्या पंगतीत आपलं पान मांडायचंच राहिलं असं लक्षात आल्यासारखा. तिथं उभ्या असलेल्या तीसेक माणसांत कुणाला कुठं बघावं कळेना. टाचणीला कालपासून वाटत होतं, की दगा आपल्याला झाला. आता समोर तो बसला होता, ठेवणीतल्या शर्टात, दोन बायकांनी मिळून सात वर्षं फसवलेला.

"आणखी काय होतं त्यात?" त्यानं विचारलं.

टाचणीला ते पत्र तोंडपाठ होतं. मुलीला तिनं सगळं सांगितलं होतं, पण शेवटची ओळ सांगितली नव्हती. ती ओळ सांगायची लाजच वाटली होती तिला.

"शेवटी तुमच्यासाठी होतं," ती म्हणाली. "जावईबापू, माझी लेक गेली त्यात तुमचा काही दोष नव्हता. मनाला लावून घेऊ नका. नातीला सोडायला तुम्ही स्वतः या, चार दिवस राहा."

"हे तू मला नव्हतं सांगितलंस," मुलगी हळूच म्हणाली, आणि तिचा हात नकळत वहीकडे गेला. टाचणीनं ते पाहिलं. बापानंही पाहिलं असावं.

तो उठला. खुर्ची जिथून आणली होती तिथं नेऊन ठेवली, शर्टाची बाही नीट केली. दारापर्यंत गेला आणि परत फिरून बायकोसमोर उभा राहिला. त्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा इतका लहान झाला होता, की तिलाच कान द्यावा लागला.

"पत्र कापलंस ते कापलंस गं," तो म्हणाला. "ही एक ओळ तेवढी सांगायची होतीस."